निर्मलाक्काचं विरजण

कमलनगरहून औरादकडं येताना एक लांबच लांब भिंत लागते. तिच्यावर एक म्हातारी रंगवलेली आहे. डोक्यावर पदर, हातात मडकं, चेहऱ्यावर सगळ्या जगाची माया. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'अव्वाच्या हातचं दही'. जीप त्या भिंतीपाशी आली की मी तोंड फिरवते. शेजारच्या बाईला वाटतं, हिला गाडी लागली. गाडी नाही लागत मला, राग येतो. त्या म्हातारीनं उभ्या जन्मात त्या डेअरीतल्या दह्याला बोट लावलं नाही. जिनं लावलं, तिला त्याच हातांपायी हाकलून दिलं. हे मी आज सांगणार आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

तिचं नाव निर्मला. सगळे निर्मलाक्का म्हणायचे, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा, कारण नुसतं निर्मला म्हणायची कुणाची छाती नव्हती. औरादजवळच्या खेड्यातलं धनगराचं घर. बाप मेंढरं वळायचा, मग मेंढरं विकून दुसऱ्याच्या रानात राबायला लागला. भाऊ हैदराबादला बिगारी कामाला गेले. ही तेवढी शिकत राहिली. उदगीरला बी.एस्सी., मग गुलबर्ग्याला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. गावातल्या बायका तिच्या आईला विचारायच्या, "पोरगी काय शिकायलीय गं?" आई म्हणायची, "किडे बघायलीय म्हणं." "दिसत्यात का?" "तिला दिसत्यात. आपल्याला न्हाईत."

त्या काळात खासगी डेअऱ्यांना मोकळीक मिळाली होती आणि आमच्या भागात ज्याला त्याला दुधाचा कारखाना काढायचा होता. आमचे मालक त्यातलेच. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आधी खत-बियाणं-औषधांचं दुकान, मग ही डेअरी. दूध थंड करायचं, पिशव्यांत भरायचं, उरलेल्याचं दही लावायचं. मी तिथं हिशेबाला होते. बायका आम्ही दोघीच, मी ऑफिसात आणि ती प्रयोगशाळेत.

पहिल्या दिवशी ती आली, पांढरा कोट घातला, तो गुडघ्याखाली लोंबायला लागला, आणि तिनं सगळ्या गड्यांना दूध उतरवायच्या धक्क्यावर रांगेत उभं केलं. "हात दाखवा." आता दांडगे दांडगे गडी, शाळेतल्या पोरांसारखे हात पुढं करून उभे. हिनं कोटाच्या खिशातनं नेलकटर काढलं आणि स्वतः एकेकाची नखं काढायला बसली. काशिनाथ सुपरवायझर मिशीत हसत होता. तेवढ्यात अण्णा आले. अण्णांच्या बोटांत चार अंगठ्या, ज्योतिषानं सांगितलेल्या. निर्मलाक्का म्हणाली, "अंगठ्या काढा, न्हाईतर आत येऊ नका."

अण्णा म्हणाले, "ह्या ग्रहांसाठी हैत."

"ग्रह वर हैत, अण्णा. अंगठीखाली जे बसलेत ते खाली हैत. दिसत न्हाईत म्हणून न्हाईत, असं कामून समजायलाव?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. दिवसातनं एकदा तरी ते कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात हाणायचीच. अण्णा त्या दिवशी हसले आणि बाहेरूनच परत गेले. अंगठ्या काही निघाल्या नाहीत.

हुंगायची तिला सवय होती. कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक. आमचा जेवणाचा डबा उघडला की आधी नाक. एकदा तिला बघायला पाहुणे आले. चहा त्यांच्याच गावच्या दुधाचा, त्यांनीच कौतुकानं आणलेल्या. हिनं कप नाकाशी नेला आणि मुलाच्या आईला म्हणाली, "मावशी, हे दूध कालचं हाय, सकाळच्यात मिसळलंय." सोयरीक तिथंच मोडली. मी म्हटलं, "अक्का, एवढं एक दिवस नाक बंद ठेवलं असतंस तर?" ती म्हणाली, "जन्मभर बंद ठेवाय लागलं असतं की मग."

आणि दही! आज ज्या दह्यावर त्या डेअरीचे इमले उभे आहेत ते दही. आधी अण्णा विरजणाच्या पुड्या बाहेरून मागवायचे. आमच्याकडच्या उन्हात त्या पुड्यांचं दही दुपारपर्यंत आंबट ढाण व्हायचं आणि पाणी सोडायचं. निर्मलाक्कानं गावाकडं जाऊन आईच्या गाडग्यातलं वाटीभर दही आणलं. त्या घरात ते विरजण आजीच्या सासूपासून चालत आलेलं. ते तिनं काचेच्या बशांत पसरलं, वाढवलं, निवडलं, परत पसरलं. असे कित्येक महिने गेले. मला म्हणाली, "मायच्या गाडग्यात नाना जातीचे जीव हैत. कामाच्या दोनच. उन्हाला भीत न्हाईत अशा. त्या हुडकून काढल्या." त्या दोन जातींना ती लेकी म्हणायची. नको असलेले जंतू आले की म्हणायची, पावणे घुसले.

लेकींसाठी एक छोटी खोली होती. आत बाटल्या, शीतपेटी, जंतू मारायचा एक जांभळा दिवा. पायताण बाहेर, हात धुवून, तोंडाला फडकं बांधून आत जायचं. रोज एका बाटलीतनं दुसऱ्या बाटलीत थोडं विरजण घालून ते ताजं ठेवायचं, त्यातनं कॅनला, कॅनमधनं टाकीला. एक दिवस जरी चुकलं तरी त्या दुबळ्या पडायच्या. काशिनाथ एकदा म्हणाला, "अक्का, तुमचं देवघरच हाय की हे." ती फाडकन म्हणाली, "देवघर न्हाई. देवाचा निवेद एक दिवस चुकला तर देव मरत न्हाई."

दही असं लागायचं की पातेलं कलतं केलं तरी हलायचं नाही. बिदर-उदगीरच्या हॉटेलांतनं मागणी यायला लागली. एक दिवस तिनं मला घरी लावायला वाटीभर दिलं. "रोज लाव. मरू देऊ नको. सासरला गेलीस तर संगं घेऊन जा." मी म्हटलं, "सोनं देतीयास जणू." ती म्हणाली, "सोनं मोडून परत घडवता येतंय."

मग तो उन्हाळा आला. लग्नसराईचे दिवस, आणि टाकीतलं दही लागेना. एकदा झालं, परत झालं. सकाळी बघावं तर दूध तसंच पातळ, वर तार सुटलेली, वास वेगळाच. निर्मलाक्का बाटल्या तपासत होती, कॅन तपासत होती, डोळे लाल झाले होते तिचे. आणि तेव्हा अव्वा खाली आल्या.

अव्वा म्हणजे अण्णांच्या आई, भिंतीवरच्या. डेअरीच्या आवारातच मालकांचं घर होतं. त्यांनी टाकीकडं बघितलं, निर्मलाक्काकडं बघितलं आणि म्हणाल्या, "इटाळ झालाय. बाईमाणूस चारी दिवस इरजणाला हात लावतंय, मग दही कसं लागंल?"

झालं. आमच्याकडं घराघरांत हेच मानतात. बाजूला बसलेल्या बाईनं लोणच्याची बरणी, दह्याचं गाडगं शिवायचं नाही. सगळ्यांना पटलं. काशिनाथला तर फारच पटलं. एवढी शिकलेली बाई आपल्यावर हुकूम करते हे त्याला पहिल्या दिवसापासून सलत होतं. मी बोलले, "अण्णा, मी पण त्या दिवसांत कामाला येते, तुमच्या नोटा मोजते. त्यांना कधी इटाळ झाला न्हाई का?" अण्णा म्हणाले, "तू तुझा हिशोब बघ, सुरेखा."

निर्मलाक्कानं मात्र भांडण केलं नाही. तिला कारण सापडलं होतं. अण्णांचा मेव्हणा दिगंबर. त्याचा म्हशींचा गोठा होता, आणि डेअरी ज्या जमिनीवर उभी होती ती जमीनही त्याचीच. त्याच्या म्हशींची कास सुजली की तो इंजेक्शनं टोचायचा, आणि औषध उतरेपर्यंत जे दूध टाकून द्यायचं असतं ते डेअरीला घालायचा. ज्या औषधानं कासेतले जंतू मरतात, त्यानंच टाकीत विरजण मरायचं.

तिनं धक्क्यावर टेबल मांडलं. अण्णा, अव्वा, काशिनाथ, गाडीवाले, सगळ्यांना बोलावलं. दोन पातेली ठेवली. एकात दिगंबरच्या गोठ्यातलं दूध, दुसऱ्यात खेड्यापाड्यांतनं आलेलं. दोन्ही उकळून कोमट केलेलं. आणि भर लोकांत, खणखणीत आवाजात म्हणाली, "मला आज दुसरा दिवस हाय."

पुरुष सगळे पायाकडं बघायला लागले. अव्वांनी कानावर हात ठेवले. निर्मलाक्कानं एकाच बाटलीतलं विरजण, एकाच चमच्यानं, आपल्या हातानं दोन्हीत घातलं. "आता संध्याकाळी या."

संध्याकाळी सगळे आले. कोण म्हणतं बायकांनाच तमाशा बघायची हौस असते? खेड्यांतलं दूध वडीसारखं लागलं होतं. दिगंबरचं दूध तिनं कलतं केलं, ते टेबलावरून वाहत खाली आलं.  अव्वा म्हणाल्या, "त्या पातेल्यावर ती जास्त वाकली हुती. मी बघितलं न्हवं."

मला अव्वांचा राग येतो, पण तो वरवरचा. त्यांना आयुष्यभर हेच शिकवलं होतं, त्यांनाही कुणीतरी कोपऱ्यात बसवलंच असेल. माझं रक्त उकळतं ते अण्णांवर. अण्णांना सगळं कळलं होतं. ते बी-बियाणं, औषधं विकत मोठे झालेले, औषध कुठं कसं उतरतं हे त्यांना ठाऊक नव्हतं होय? त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडावर मी ते बघितलं. पण मेव्हण्याला दुखवायचं म्हणजे जमिनीचा प्रश्न, आणि निर्मलाक्काला दुखवायला काय लागतं? त्यांनी ठरवून टाकलं. दर महिन्याला ते चार दिवस खोलीला कुलूप, किल्ली काशिनाथकडं. दिगंबरला म्हणे समज देऊ.

आणि ते दिवस कधी, हे कुणी सांगायचं? मला बोलावलं. "तू बाई हायस, तुला कळतंय. तू सांगत जा." मी म्हटलं, "मलाच रोज येत्यात असं समजा आणि मला घरी बसवून पगार द्या." काशिनाथ फिदीफिदी हसला. मी उठून आले. मग काशिनाथनं आपल्या मनानंच अंदाज बांधून कुलूप लावायला सुरुवात केली. एवढा मोठा गडी, मिशा ठेवलेला, आणि एका बाईचे दिवस मोजत बसायचा. थू त्याच्या जिंदगीवर!

मी अक्काला म्हणायची, सोड ही नोकरी. ती म्हणायची, "जाईन की. पर त्या बाटल्या? काशिनाथ त्यांना चार दिवसांत मारंल." दर वेळी कुलूप उघडलं की ती आत धावायची, अर्धमेल्या लेकींना परत उभं करायची. सगळ्यात जास्त तिला कशाची भीती असेल तर त्या बाटल्या हातच्या जायची.

त्यातच दिगंबरच्या मुलीचं लग्न निघालं, औरादला. लग्नाच्या कढीसाठी दही डेअरीतनंच जायचं होतं. आदल्या दिवशी खोलीला कुलूप. काशिनाथनं दिगंबरच्या गोठ्याचं दूध टाकीत घेतलं, विरजण कसंबसं घातलं, आणि दही लागायची वाट बघत बसला. दूध दिवसभर त्या उन्हाच्या काहिलीत कोमट उभं. लग्नाच्या सकाळी निर्मलाक्का टाकीजवळनं चालली होती, तशीच थबकली. नाक वर. चमचाभर घेतलं, प्रयोगशाळेत गेली, आणि मला हाक मारली. "ये, बघ."

मी तिच्या भिंगाच्या यंत्राला डोळा लावला. जांभळे गोल गोल ठिपके, द्राक्षाच्या घडासारखे लगडलेले. ती म्हणाली, "हे पावणे. कुणाच्या तरी हाताच्या फोडातले. दिगंबरच्या औषधानं माझ्या लेकी मेल्या, ह्यांना त्या औषधाची सवय झालीय. रिकाम्या घरात शिरले आणि दिवसभर इष ओतत बसले."

ती अण्णांकडं धावली. मी मागं. अण्णा जरीची टोपी घालून निघालेच होते. म्हणाले, "लागलं न्हाई तर काय झालं, कढीच करायची हाय. उकळतीयच की. उकळल्यावर सगळं मरतंय."

"जीव मरतंय, अण्णा. त्यानं ओतलेलं इष न्हाई मरत. इंचू ठेचला म्हणून चढलेलं इष उतरतंय का? पोरं खायची हैत ती कढी."

"शुभकार्याच्या दिवशी असलं बोलू नको," अण्णा म्हणाले, आणि गाडीत बसले. कॅन टेम्पोत कधीच चढले होते.

निर्मलाक्का मागं वळली. मग संडासाजवळच्या फळीवरची फिनेलची बाटली उचलली, पदराखाली धरली आणि रस्त्यावर येऊन जीप थांबवली. मी पळत जाऊन तिच्याशेजारी बसले. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "सांगून बघते आधी."

आणि तिनं सांगून बघितलं, हे लक्षात ठेवा. आचाऱ्याला सांगितलं. त्यानं पळी दाखवली आणि म्हणाला, बाई, बाजूला व्हा, फोडणी उडंल. दिगंबरला हात जोडून सांगितलं, "दादा, तुमच्याच लेकीचं लग्न हाय." दिगंबर म्हणाला, "अव्वानं मला सांगितलंय तुझं. मांडवात कामून आलीस ह्या दिवसांत?" पहिली पंगत बसलेली. पुढच्या ओळीत पोरं. वरण-भात वाढून झाला होता, कढीची बादली भरायला एकजण वाकला होता.

तिनं त्याला ढकललं आणि बाटली कढईत उलटी केली.

पिवळ्या कढीवर पांढरं पसरलं. सगळ्या मांडवात दवाखान्याचा वास. ओरडा झाला, बायका पदर नाकाला लावून उठल्या, कुणीतरी तिच्या कानशिलात ठेवून दिली. तिचा चष्मा कढईपाशी पडला. ती वाकली, चष्मा पुसला, घातला आणि म्हणाली, "मारा. पर खाऊ नका."

लोकांनी कढीशिवाय भात खाल्ला. कुणाला उलटी झाली नाही, कुणाला जुलाब झाले नाहीत, दवाखान्यात एक माणूस गेला नाही. आणि म्हणूनच ती खोटी ठरली! चार पोरं मेली असती तर लोक म्हणाले असते, निर्मलाक्का सांगत होती. एकही मेलं नाही, तर म्हणाले, बाजूला बसायची बाई, लग्नात शिरून अन्न बाटवलं, वर फिनेल ओतलं, डोक्यावर परिणाम झालाय. तिच्यामुळं धडधाकट राहिलेलीच तोंडं हे बोलत होती. आजही त्या लग्नातलं कुणी भेटलं की मला विचारावंसं वाटतं, काय रे, पोट बरं हाय ना तुझं?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला फाटकातच थांबवलं. नोकरीवरून काढल्याचं सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, एक बाटली द्या. अण्णा म्हणाले, "ती कंपनीची मालमत्ता हाय."

"माझ्या मायच्या गाडग्यातली हाय ती."

"आणलीस तेव्हा पगार आमचा घेत हुतीस न्हवं?"

मग तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला. "बरं. मला आत जाऊन आजच्या बाटल्या तेवढ्या बदलू द्या. उपाशी हैत त्या." काशिनाथ कुलपापुढं उभा राहिला. किल्ली बोटात फिरवत होता. मी अण्णांना म्हटलं, माणूस हाव का कोण हाव तुमी? त्यांनी परत तेच सांगितलं, हिशोब बघ. ती गेली. पाऊस सुरू व्हायच्या आतच बाटल्या मेल्या, काशिनाथच्या हातानं. परत पुड्या यायला लागल्या. आणि पुढं अण्णांना कुणीतरी अक्कल दिली की बायकांच्या हातची चव म्हटलं की माल खपतो. झालं, भिंत रंगली.

माझं लग्न औरादलाच झालं, बसस्टँडच्या मागं घर. ती हैदराबादकडं कुठल्याशा औषध कारखान्यात लागल्याचं कळलं होतं, तिथं म्हणे मोठमोठ्या टाक्यांत जंतू वाढवून औषधं करतात. मग इतक्या वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, मी भाजी घ्यायला निघाले तर बसस्टँडवर एक बुटकी बाई दुकानासमोर दह्याची पिशवी नाकाशी धरून उभी. केस पांढरे झाले होते. पण पिशवी हुंगणारी दुसरी कोण असणार?

"निर्मलाक्का!"

तिनं पिशवी उलटी करून मला अव्वांचं चित्र दाखवलं. "बघ, शेवटी हात लागला म्हातारीचा." मग परत हुंगली. "माझ्या न्हाईत ह्या. पुडीतल्या हैत." आई गेली होती, ती तिच्या दिवसकार्याला आली होती. परत चालली होती. म्हणाली, "गाडगं आणायला गेलते खरं तर. भावजयीनं माय गेल्यावर फोडून टाकलं. सुतकातलं म्हणून. आता कुठंच न्हाई बघ ते इरजण."

तिची बस लागली होती. मी म्हटलं, "बस तू. कंडक्टरला धरून ठेव. आलेच मी." आणि या वयात, हातातली पिशवी टाकून, घरापर्यंत पळाले. परत आले तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतनं स्टीलचा डबा आत दिला.

तिनं झाकण उघडलं. नाक आत घातलं. बराच वेळ काढेना. मग डबा कलता करून बघितला, दही हललं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "ह्या हैत. तुझ्या घरचे दोन-चार पावणे घुसलेत ह्यात, पर निवडून काढीन मी." डोळे भरले होते, ते पुसायला हात उचलला आणि तसाच थांबवला, हात धुतलेला नव्हता ना. मग एकदम साहेबीणबाईच्या आवाजात विचारलं, "कधी लावलंस?"

"काल लावलं," मी म्हटलं. "माझा दुसरा दिवस हुता काल."

निर्मलाक्का हसली. इतक्या मोठ्यानं की सगळ्या बसनं माना वळवल्या. बस सुटली, फाटकातनं बाहेर वळली, तरी ती डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून हसतच होती.